काजळीनेही गाठलेला विक्रम: मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या निलंबनाचे एक झेड-स्कॅन प्रकरण

नोंदवहीत आकडा लिहिलेला होता: अरेषीय अपवर्तनांक उणे ४.२ × १०⁻¹² चौ. सेंमी प्रति वॅट. नमुना होता मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या नॅनोपापुद्र्यांचे अतिशय विरळ निलंबन (द्रवात तरंगत ठेवलेले सूक्ष्म कण), इतके विरळ की कुपी खिडकीसमोर धरली तर पलीकडचे सगळे स्पष्ट दिसावे आणि द्रवाला केवळ फिकट हिरवट झाक असावी. वितळवलेल्या सिलिका काचेचा हाच गुणांक सुमारे २.५ × १०⁻¹⁶ असतो. ज्या द्रवाला या क्षेत्रात अनेक वर्षे मापदंड मानले गेले, त्या कार्बन डायसल्फाइडचा गुणांकही १०० फेम्टोसेकंदांच्या (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) आसपासच्या स्पंदांसाठी ३ × १०⁻¹⁵ च्या घरात येतो. म्हणजे आमचा हा हिरवट द्रव काचेच्या जवळजवळ सतरा हजार पट आणि कार्बन डायसल्फाइडच्या चौदाशे पट सरस ठरत होता. शोधनिबंधाचा मसुदा तयार होता, आलेख सुबक होते आणि मोजणी तीनदा करून तिन्ही वेळा तेच उत्तर आले होते.

हे प्रकरण त्या आकड्याचे आहे. तो कसा आला, त्यावर संशय कुठे आला आणि शेवटी हातात काय उरले, हे क्रमाने मांडतो. हिशेब वाचकाला स्वतः करून पाहता यावा म्हणून मोजणीतले आकडे पूर्णांकित केले आहेत.

पदार्थ आणि अपेक्षा

एखाद्या पदार्थावर प्रखर प्रकाश पडला की त्याचा अपवर्तनांक किंचित बदलतो आणि हा बदल प्रकाशाच्या तीव्रतेच्या प्रमाणात असतो. त्या प्रमाणाचा स्थिरांक म्हणजेच वर दिलेला अरेषीय अपवर्तनांक. त्याच्या जोडीला शोषणही बदलते. काही पदार्थ प्रखर प्रकाशात अधिक पारदर्शक होतात, त्याला संपृक्त शोषण म्हणतात, तर काही अधिक अपारदर्शक होतात. २००४ मध्ये ग्राफीन वेगळे काढले गेले, त्यानंतर स्तरित पदार्थांकडे या दृष्टीने पाहिले जाऊ लागले आणि त्याला ठोस कारणे होती. ग्राफीनचा एकच अणुथर दृश्य प्रकाशाचा २.३ टक्के भाग शोषतो, एवढ्या पातळ वस्तूसाठी हे प्रमाण थक्क करणारे आहे. २००९ पासून ग्राफीनचे संपृक्त शोषण वापरून फायबर लेसरमधून अतिसूक्ष्म स्पंद मिळवले जात आहेत. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकेरी थराचा ऊर्जापट्टा (इलेक्ट्रॉनाला वरच्या पातळीत जाण्यासाठी लागणारे ऊर्जेचे अंतर) थेट स्वरूपाचा होतो, म्हणजे प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन ते अंतर सरळ ओलांडू शकतो, हे २०१० मध्ये दिसून आले, तर त्याच्या विषम संख्येच्या थरांतून दुप्पट वारंवारतेचा प्रकाश जोरदार निघतो आणि सम संख्येच्या थरांतून जवळजवळ निघतच नाही, हे २०१३ मध्ये. म्हणजे या पदार्थाबद्दलच्या अपेक्षा हवेतल्या नव्हत्या. मला वाटते, मोठा आकडा समोर आल्यावर त्याला कोणी अडवले नाही याचे एक कारण हेच असावे. सगळे त्याची वाटच पाहत होते.

पापुद्रे सुटे करण्यासाठी द्रवातल्या अपपर्णनाची, म्हणजे थर सोलून काढण्याची, रूढ रीत वापरली होती. पूड एन-मेथिल पायरोलिडोन या द्रावकात घालून ध्वनितरंगांच्या टाकीत तासन्‌तास ठेवायची, मग अपकेंद्रित्रात फिरवून जाड तुकडे तळाशी बसवायचे आणि वरचा द्रव अलगद काढून घ्यायचा. अंतिम निलंबनात दर मिलिलिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम पदार्थ होता. मॉलिब्डेनम डायसल्फाइडची घनता पाण्याच्या पाचपट असते, हे लक्षात घेतले तर आकारमानाच्या हिशेबाने द्रवाच्या एक लाख भागांत एक भाग घन पदार्थ होता. हा एक लाखाचा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा, कारण संशयाची पहिली ठिणगी त्यातूनच पडली.

मांडणी

झेड-स्कॅनची पद्धत मन्सूर शेख-बहाई, एरिक व्हॅन स्ट्रायलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ आणि १९९० मधील दोन निबंधांत मांडली. तिच्या साधेपणामुळे ती जगभर पसरली आणि त्याच साधेपणामुळे तिचा गैरवापरही सोपा झाला. लेसरची शलाका भिंगाने एका बिंदूपाशी एकवटवायची, नमुना सरकत्या मंचावर ठेवून त्या बिंदूच्या अलीकडून पलीकडे न्यायचा आणि दूरवर एका लहान छिद्रामागे शोधक ठेवून किती प्रकाश पोहोचतो ते नोंदवत जायचे. प्रखर प्रकाशाने नमुन्यात भिंगासारखा परिणाम निर्माण झाला, तर छिद्रातून जाणारा प्रकाश आधी वाढून मग घटतो किंवा आधी घटून मग वाढतो. आधी दरी आणि मग शिखर आले तर गुणांक धन, उलट आले तर ऋण. शिखर आणि दरी यांच्या उंचीतील फरकावरून कलाबदल, म्हणजे प्रकाशतरंग किती मागेपुढे सरकला ते, काढता येतो आणि कलाबदलावरून गुणांक. छिद्र काढून टाकले की फक्त शोषणातला बदल उरतो.

आमचा लेसर टायटेनियम-सफायरचा होता: तरंगलांबी ८०० नॅनोमीटर, स्पंदाचा कालावधी १०० फेम्टोसेकंद आणि सेकंदाला आठ कोटी स्पंद. नमुन्यावर पडणारी सरासरी शक्ती केवळ ५ मिलीवॅट ठेवली होती. केंद्रबिंदूपाशी शलाकेची त्रिज्या, म्हणजे तिची कंबर, ३० मायक्रोमीटर होती. ही कंबर जिथवर फारशी रुंदावत नाही ते रॅले अंतर त्यावरून ३.५ मिलीमीटर येते. द्रव १ मिलीमीटर जाडीच्या सिलिका क्युव्हेटमध्ये, म्हणजे सपाट भिंतींच्या पारदर्शक कुपीत, होता. शिखर-दरीतला फरक २५ टक्के मिळाला. छिद्रातून ४० टक्के प्रकाश जात होता, तेव्हा नेहमीच्या सूत्राने कलाबदल ०.७ रेडियन आला. आधी शिखर, मग दरी. फक्त द्रावक भरलेल्या क्युव्हेटचा आलेख मात्र अगदी सपाट होता आणि मसुद्यात यावर एक ठाम वाक्य होते: द्रावक काहीच दाखवत नाही, म्हणून दिसणारा सगळा परिणाम नॅनोपापुद्र्यांचा आहे.

या वाक्याचा पूर्वार्ध खरा होता. उत्तरार्धही एका अर्थाने खरा होता. चूक होती ती मधल्या «म्हणून» मध्ये.

संशय

मसुदा माझ्याकडे वाचायला आला तेव्हा मी सुरुवात कंबरेपासून केली, आणि तेही योगायोगाने. परिशिष्टातल्या तक्त्यात कंबर ४१ मायक्रोमीटर लिहिली होती आणि मांडणीच्या वर्णनात ३०. विचारल्यावर मोजणी करणाऱ्या विद्यार्थिनीने प्रामाणिकपणे सांगितले की ३० हे पात्याने शलाका कापत जाऊन प्रत्यक्ष मोजलेले आहे, पण ते धरले तर वक्र आलेखावर नीट बसत नाही. म्हणून संगणकाला कंबरही मोकळी सोडून दिली आणि त्याने ४१ दिले. मग वक्र छान बसला.

हा प्रकार वाटतो तितका किरकोळ नाही. इलेक्ट्रॉनांमुळे तात्काळ घडणाऱ्या अरेषीय परिणामात शिखर आणि दरी यांमधले अंतर रॅले अंतराच्या १.७ पट असते. ३० मायक्रोमीटरच्या कंबरेसाठी ते ६ मिलीमीटर यायला हवे. आलेखावर ते साडेअकरा मिलीमीटर होते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. संगणकाला सूत्र बदलण्याची मुभा नव्हती, म्हणून त्याने कंबर बदलली. पण उष्णतेने तयार होणाऱ्या भिंगाचे गणित वेगळे असते. त्यात सर्वाधिक परिणाम केंद्राच्या दोन्ही बाजूंना रॅले अंतराच्या सुमारे १.७ पट लांब दिसतो, म्हणजे शिखर आणि दरी एकमेकांपासून जवळजवळ साडेतीन पट अंतरावर असतात. आमच्या मांडणीत ते १२ मिलीमीटर झाले असते. मोजणीने आम्हाला कारण सांगितले होते आणि आम्ही ते कंबरेच्या रकान्यात लपवून टाकले होते.

दुसरी गोष्ट त्या एक लाखाच्या आकड्याची. ०.७ रेडियनचा कलाबदल एका मिलीमीटरच्या द्रवात व्हायचा, तर द्रवाचा सरासरी अपवर्तनांक सुमारे ०.००००९ ने बदलायला हवा. हा बदल जर एक लाखांत एक भाग असलेल्या पापुद्र्यांनीच घडवला असेल, तर प्रत्येक पापुद्र्याच्या आतला बदल ढोबळमानाने त्याच्या एक लाख पट, म्हणजे नऊच्या आसपास हवा. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा मूळ अपवर्तनांकच चार-पाचच्या घरात आहे. काचेच्या भिंतीलाही सहज सोसेल अशा क्षीण प्रकाशात तो एकदम नऊने बदलतो, यावर विश्वास ठेवायला माझी तरी तयारी नव्हती. पापुद्र्याभोवतीच्या स्थानिक विद्युतक्षेत्राची दुरुस्ती केली तरी हे गणित सावरत नाही. हा हिशेब पाकिटाच्या पाठीवर मावतो आणि मसुदा लिहिण्याआधी तो कोणीतरी, म्हणजे आमच्यापैकी कोणीही, करायला हवा होता.

मग उष्णतेचा हिशेब मांडला. क्युव्हेटमधून जाताना एकूण १२ टक्के प्रकाश कमी होत होता, पण सर्व दिशांचा प्रकाश गोळा करणाऱ्या गोलाकार संकलकाने मोजल्यावर कळले की त्यातला बहुतेक भाग इकडेतिकडे विखुरला जात होता आणि खरे शोषण जेमतेम दोन टक्के होते. ५ मिलीवॅटचे दोन टक्के म्हणजे ०.१ मिलीवॅट. इतकीशी उष्णता काय करणार, असे कोणालाही वाटेल. पण सेंद्रिय द्रावकांचा अपवर्तनांक तापमानाच्या प्रत्येक केल्विनमागे साधारण ०.०००४ ने घसरतो आणि त्यांची उष्णतावाहकता फार कमी, ०.२ वॅट प्रति मीटर प्रति केल्विनच्याही खाली असते. उष्मीय भिंगाची कला म्हणजे शोषलेली शक्ती गुणिले हा घसरणीचा दर, भागिले वाहकता गुणिले तरंगलांबी. आकडे घातले की उत्तर ०.३ रेडियन येते आणि त्यातून शिखर-दरीचा फरक ३० टक्क्यांच्या आसपास निघतो. आम्ही मोजला होता २५ टक्के. अरेषीयतेचा एकही इलेक्ट्रॉन हिशेबात न घेता आलेख जवळजवळ पुरा झाला होता. तापमानातली प्रत्यक्ष वाढ केल्विनच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढी. हात लावून ती कधीच कळली नसती.

चिन्हही जुळत होते. द्रव तापला की प्रसरण पावतो आणि विरळ होतो, त्याचा अपवर्तनांक घटतो, म्हणून भिंग पसरवणारे होते आणि गुणांक ऋण दिसतो. लेसरच्या पोकळीत द्रवाच्या कुप्या ठेवल्या असता असे भिंग तयार होते, हे १९६५ मध्येच नोंदले गेले आहे आणि पुढे अतिसूक्ष्म शोषण मोजण्याचे ते एक हुकमी साधनच बनले. म्हणजे आम्ही नकळत एक चांगला शोषणमापक बांधला होता आणि त्याच्या वाचनाला दुसरेच नाव दिले होते.

तपासणी

हिशेब जुळला म्हणून कारण सिद्ध होत नाही. विद्यार्थिनीचे म्हणणे होते, आणि ते रास्त होते, की उष्णता आणि इलेक्ट्रॉन दोन्ही एकाच वेळी हातभार लावत असतील. मग आकड्यातला किती हिस्सा कोणाचा?

टायटेनियम-सफायर लेसरची एक गंमत अशी की तो स्पंदांच्या अवस्थेतून सलग प्रकाशाच्या अवस्थेत एका क्षणात आणता येतो. आतल्या फटीचा स्क्रू किंचित फिरवला, प्रसंगी आरशाच्या बैठकीला नुसता धक्का लागला, तरी स्पंद मोडतात. वर्णपटमापकावर नऊ-दहा नॅनोमीटर रुंदीचा गुबगुबीत घुमट दिसत असतो, तो कोसळतो आणि त्याच्या जागी सुईसारखी एक रेषा उभी राहते. सरासरी शक्ती पुन्हा ५ मिलीवॅटवर आणता येते, पण स्पंदांच्या माथ्यावरची तीव्रता नाहीशी झालेली असते. आठ कोटी स्पंद आणि प्रत्येकी १०० फेम्टोसेकंद यांचा गुणाकार केला, तर स्पंदांच्या अवस्थेत लेसर एकूण वेळाच्या सव्वा लाखांत एका भागापुरताच चालू असतो. म्हणजे सलग प्रकाशात शिखरतीव्रता सव्वा लाख पटींनी खाली येते. इलेक्ट्रॉनांचा तात्काळ परिणाम असता तर आलेख सपाट व्हायला हवा होता. खोलीतले दिवे घालवून आम्ही मंच पुन्हा सरकवला. पडद्यावर बिंदूमागून बिंदू उमटत गेले: शिखर, मग लांब उतार, मग दरी. जुना आलेख त्यावर ठेवला तेव्हा दोन्हींतला फरक बिंदूंच्या जाडीएवढा होता.

त्यानंतर थोडा वेळ कोणी काही बोलले नाही.

तरीही मी आणखी दोन तपासण्या करून घेतल्या, कारण नकारात्मक निष्कर्षही नीट उभा राहावा लागतो. पहिलीत नमुना दरीच्या जागी स्थिर ठेवला, शलाकेच्या वाटेत झडप बसवली आणि ती उघडल्यावर छिद्रामागचा प्रकाश वेळेनुसार कसा बदलतो ते दोलनदर्शीवर पाहिले. तात्काळ परिणाम असता तर प्रकाश पहिल्या क्षणापासून कमीच दिसला असता. प्रत्यक्षात रेषा पूर्ण उंचीवर सुरू झाली आणि दहा-वीस मिलीसेकंदांत हळूहळू खाली उतरून स्थिरावली. ३० मायक्रोमीटरच्या कंबरेतून उष्णता बाहेर पसरायला दोन मिलीसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. दरीच्या जागी शलाका दुप्पट रुंद असल्यामुळे तिथे हा काळ चौपट होतो. रेषेचा उतार या काळाशी जुळला. आमच्या लेसरच्या दोन स्पंदांमध्ये फक्त १२.५ नॅनोसेकंद जातात, म्हणजे एका स्पंदाची उष्णता निघून जाण्याआधी तिच्यावर लाखाहून अधिक स्पंदांची उष्णता साचत होती.

दुसरी तपासणी मला स्वतःला सर्वांत आवडली. तेलाच्या दिव्यावर धरलेल्या काचपट्टीवरची काजळी खरवडून ती त्याच द्रावकात मिसळली आणि खरे शोषण दोन टक्के होईपर्यंत ती विरळ करत नेली. एकूण प्रकाशहानी जुळवणे येथे पुरेसे नव्हते, शोषण जुळवणे आवश्यक होते. मग तीच मोजणी, तेच सूत्र. काजळीचा अरेषीय अपवर्तनांकही काचेच्या हजारो पट निघाला.

इथे त्या «म्हणून» ची चूक उघडी पडते. केवळ द्रावकाची तुलना करून आम्ही समजलो होतो की द्रावकाला दोषमुक्त केले. पण द्रावक एकटा तापतच नाही, कारण तो प्रकाश शोषत नाही. पापुद्रे त्यात शेगडीचे काम करतात, आणि ज्याचा अपवर्तनांक बदलतो तो द्रव म्हणजे द्रावकच. शेगडी काढून घेतल्यावर पातेले गार दिसते, एवढेच त्या सपाट आलेखाने सिद्ध केले होते. शिवाय ५ मिलीवॅटला शिखरतीव्रता दर चौ. सेंमी जेमतेम ४० मेगावॅट होती. तेवढ्यात क्युव्हेटच्या सिलिका भिंतींचा खरा, तात्काळ परिणामही रेडियनच्या दहा हजारांतील दोन भागांइतकाच होतो. तो आमच्या शोधकाला दिसणे शक्य नव्हते. त्या मांडणीत कोणताही खरा इलेक्ट्रॉनिक परिणाम दिसू शकत नाही, हे सपाट रेषा पाहूनच ओळखायला हवे होते.

मसुद्यातला आणखी एक दावा याच ओघात गळाला. छिद्र काढून केलेल्या मोजणीत तीन टक्क्यांची दरी दिसली होती आणि तिला द्विफोटॉन शोषण, म्हणजे एकाच वेळी दोन फोटॉनांचे शोषण, म्हटले होते. उष्मीय भिंगाने पसरलेली शलाका संकलक भिंगाच्या काठाबाहेर सांडत होती, एवढाच त्याचा अर्थ निघाला. मोठ्या व्यासाचे भिंग जवळ आणून ठेवल्यावर दरी बुजली. तसेच २०० मिलीवॅटला पडद्यावर दिसणारी दोन प्रकाशकडी. अशी कडी स्तरित पदार्थांच्या निलंबनांत अनेकांनी पाहिली आहेत आणि ती इलेक्ट्रॉनांच्या सुसंगतीने होतात की उष्णतेने, यावर या क्षेत्रात बराच वाद झाला आहे. त्या सर्वसाधारण वादाचा निकाल लावण्याचा माझा अधिकार नाही. पण आमची कडी सेकंदाच्या आत वरच्या बाजूने चपटी होत होती. तापलेला द्रव वर चढतो आणि वरच्या भागातली तापमानाची चढण बोथट करतो, म्हणून असे होते. इलेक्ट्रॉनांना वर-खाली कळत नाही.

पुन्हा मोजणी

उष्णता टाळायची तर स्पंदांमध्ये पुरेसा अवकाश हवा. सेकंदाला १००० स्पंद देणारा प्रवर्धित लेसर अनेकदा या बाबतीत निर्धोक मानला जातो. पण दोन मिलीसेकंदांच्या उष्मीय काळापुढे त्याचे एका मिलीसेकंदाचे अंतर अपुरेच आहे. त्यातही उष्मीय भिंग घातांकी वेगाने विरत नाही, त्याची शेपटी लांबत जाते, आणि काही काळ लोटला तरी दहावा हिस्सा रेंगाळत असतो. म्हणून स्पंद-निवडकाने सेकंदाला ५० स्पंदच घेतले. प्रत्येक स्पंदाची ऊर्जा ७५ नॅनोज्यूल ठेवली तेव्हा शिखरतीव्रता दर चौ. सेंमी सुमारे ५० गिगावॅट झाली, म्हणजे आधीच्या हजार पटींहून अधिक, आणि सरासरी शक्ती मात्र ४ मायक्रोवॅटच्या आत राहिली. उष्मीय कला रेडियनच्या हजाराव्या भागाच्याही खाली आली.

आता केवळ द्रावकाचा आलेख सपाट नव्हता. आधी दरी, मग शिखर, आणि त्यांच्यातले अंतर ६ मिलीमीटर. संकेताचा मोठा हिस्सा सिलिकाच्या दोन भिंतींचा होता. प्रत्येकी सव्वा मिलीमीटरच्या या भिंती मिळून या तीव्रतेला पाव रेडियनच्या जवळपास कलाबदल देतात. मोजणी योग्य जागी आली आहे याची हीच पहिली खूण होती: साधी काच आपला ओळखीचा आकडा दाखवू लागली होती. निलंबनाचा आलेख यावर ठेवला तर दोन्ही एकमेकांत मिसळले. वजाबाकी केली की अर्ध्या टक्क्याच्या खळबळीपलीकडे काही उरत नव्हते. त्यावरून पापुद्र्यांमुळे द्रवाच्या अरेषीय अपवर्तनांकात पडणारी भर काचेच्या गुणांकाच्या एक सप्तमांशाहून अधिक नाही, एवढीच वरची मर्यादा घालता आली. सतरा हजार पटींवरून एक सप्तमांश. ही घट एक लाख पटींहून अधिक आहे.

या मर्यादेला एक लाखाने गुणले, म्हणजे द्रवावरून घन पदार्थाकडे वळले, की पापुद्र्यांसाठी मर्यादा काचेच्या पंधरा हजार पटींच्या घरात येते. मूळ दाव्याच्या अगदी शेजारी. हा निव्वळ योगायोग आहे, पण सूचक आहे. घन पदार्थाला जो आकडा शोभला असता तो आम्ही एक लाख पट विरळ केलेल्या द्रवाला बहाल केला होता.

खरा संकेत मिळाला तो छिद्र काढल्यावर. केंद्रबिंदूपाशी पारगमन पाऊण टक्क्याने वाढत होते. हे शिखर लहान पण दोन्ही बाजूंना सारखे होते, केवळ द्रावकात ते नव्हते आणि ऊर्जा कमी केल्यावर ते नियमाने लहान होत गेले. हे संपृक्त शोषण आहे. ८०० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा १.५५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. एकेरी थराचा पट्टा १.८ च्या वर असल्याने तो या फोटॉनला सरळ दाद देत नाही, पण अनेक थरांच्या पापुद्र्यांचा अप्रत्यक्ष पट्टा १.३ च्या जवळ येतो आणि कडांवरच्या दोषांमुळे मधल्या पातळ्याही तयार होतात. आमच्या नमुन्यात दोन्ही प्रकार मुबलक होते आणि शिखर त्यांपैकी नेमके कोणाचे, हे वेगळे करण्याइतकी मोजणी आम्ही केलेली नाही. याच तरंगलांबीला मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या निलंबनातले संपृक्त शोषण २०१३ मध्येच नोंदले गेले आहे, त्यामुळे यात नावीन्याचा दावा उरला नाही.

अरेषीय प्रकाशशास्त्राच्या आरंभीची एक गोष्ट या संदर्भात आठवते. १९६१ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी क्वार्ट्झमधून लेसरची दुप्पट वारंवारता प्रथमच मिळवली, पण निबंध छापताना छायाचित्रातला तो सूक्ष्म ठिपका डाग समजून पुसला गेला. तिथे खरा संकेत पुसला गेला होता. आमच्याकडे डागालाच चौकट मिळत होती.

मसुदा मागे घेतला आणि नव्याने लिहिला. त्यात आता शिखरतीव्रतेच्या शेजारी सरासरी शक्ती, स्पंदांची वारंवारता, पात्याने मोजलेली कंबर, एकूण हानी आणि तिच्यातले खरे शोषण हे पाचही आकडे वेगवेगळे दिले आहेत, आणि काजळीचा आलेख परिशिष्टात न ठेवता मुख्य आकृतीत घेतला आहे. त्यासाठी विद्यार्थिनीला बराच आग्रह धरावा लागला, तो माझ्याशी.

द्रव सोडून सफायरच्या पट्टीवर वाढवलेला एकेरी थर मोजावा, ही पुढची सूचना साहजिक होती. तिचाही हिशेब आधीच करून ठेवला आहे. थराची जाडी ०.६५ नॅनोमीटर आहे. घन पदार्थासाठी वर काढलेली सर्वोच्च मर्यादा धरली तरी ५० गिगावॅटला त्याचा कलाबदल रेडियनचा हजारावा भाग येतो. त्याच शलाकेत अर्ध्या मिलीमीटरची सफायर पट्टी त्याच्या सुमारे साठपट कलाबदल देते. म्हणून त्या नमुन्यावर झेड-स्कॅन न लावता तिप्पट वारंवारतेचा प्रकाश मोजायचे ठरले आहे. त्यात थर आणि पट्टी यांचे संकेत तुलनेने सोप्या रीतीने वेगळे काढता येतात, आणि सेकंदाला आठ कोटी स्पंदांचा तोच जुना लेसर त्यासाठी चालतो.